गावातली कुलूपबंद घरं दुरुस्त करून गरजू कुटुंबांना राहायला देता येतील का?

राळेगावची_ताई

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. गावाचं नाव देत नाही, कारण ज्या घरांबद्दल लिहिते आहे त्यांचे मालक आणि ज्यांना घर हवं ती कुटुंबं, दोघंही लगेच ओळखू येतील.

आमच्या गावठाणात एका गल्लीत ओळीनं घरं बंद आहेत. मालक पुण्याला, नागपूरला, काही सुरतेला. पूर्वी महालक्ष्म्यांना तरी कुलूप निघायचं, आता महालक्ष्म्याही तिकडंच बसतात. घरं जुनी पण दणकट आहेत. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब आणि मयाली (आडव्या तुळया), वर कवेलू (मातीची कौलं), मागं सांदवाडी (परसदार). दोनतीन घरांची कवेलू वानरांनी खाली आणली आणि आता पावसाचं पाणी सरळ भिंतीच्या डोक्यात मुरतं. मातीची भिंत वरून भिजायला लागली की दोनतीन पावसाळ्यांत बसते, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

त्याच गावात एक बाई दोन मुलींना घेऊन टिनाच्या खोपटात राहते. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला. प्रकरण पात्र ठरलं, शासनाची एक लाखाची मदत आली, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण घर सासऱ्याच्या नावावर होतं, तिला तिथं जागा राहिली नाही. शाळेमागं पारधी कुटुंबं ताडपत्रीखाली आहेत. एक भूमिहीन म्हातारा-म्हातारी दुसऱ्याच्या गोठ्यात राहतात.

घरकुल का नाही, असं कोणी विचारेल. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, पण ते स्वतःच्या जागेवर बांधायला. जागा नसली की यादीतलं नाव यादीतच राहतं. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत अर्थसहाय्य आहे, पण गावठाणात सुटी जागा विकायला कोण बसलंय?

माझा विचार असा. मालकानं घर पाच-सात वर्षांसाठी लिहून द्यावं. मालकी त्याचीच राहील. गावानं लोकवर्गणी, श्रमदान, कुणा संस्थेची मदत असं करून दुरुस्ती करावी आणि तो खर्च भाड्यात वळता व्हावा. मुदत संपली की मालकाला दुरुस्त घर परत. तेवढ्या वर्षांत त्या कुटुंबाची जागा आणि घरकुल मार्गी लावायचं.

असं कुठं झालंय का? कागद कसा करावा? आणि मातीचं घर दुरुस्त करणारा माणूस काय म्हणतो, तेही ऐकायचं आहे.

पांढरकवडा_भाऊ

ताई, इचार लय चांगला हाय. पण मालक लोकं कुलूप उघडाले तयार होत नाहीत. आमच्या इकडं एकानं नात्यातल्याले दोन महिन्यासाठी घर देल्लं, तो पोरीचं लगन त्याच घरातून करून मोकळा झाला तरी निंगाला नाही. तेव्हापासून गावात कोणी कोणाले चाबी देत नाही. लोकायची भीती खोटी नाही.

हडपसरचा_वऱ्हाडी

मी त्या बंद घरांच्या मालकांपैकीच एक आहे. गाव आमचं दारव्ह्याकडं. माझी बाजू स्पष्ट लिहितो, म्हणजे उपयोग होईल.

घर बंद ठेवण्यात मला काही आनंद नाही. दर वर्षी गावातल्या चुलतभावाला फोन करून विचारतो, भिंत उभी आहे का? पण चावी देत नाही त्याची कारणं आहेत. एक तर ताब्याची भीती, वर भाऊंनी लिहिलीच. दुसरं, घर अजून वडिलांच्या नावावर आहे. आम्ही दोघं भाऊ, तीन बहिणी. कोणाच्या सहीनं देऊ? एका बहिणीनं उद्या विचारलं की माझा हिस्सा कोणाला दिला, तर मी काय उत्तर देणार? आणि तिसरं कारण व्यवहाराचं नाही. आईनं त्या घरात जीव सोडला. तिथली देवघराची खोली कोणी वापरावी असं मला वाटत नाही.

तरीही, घर पडून त्याची माती होण्यापेक्षा त्यात लेकरं राहिलेली मला आवडतील. मला पक्का कागद हवा, घराचे आधीचे फोटो हवेत, एक खोली कुलूपबंद ठेवायची मुभा हवी, आणि काही बिघडलं तर फोन करायला गावात एक जबाबदार माणूस हवा. एवढं कोणी दिलं असतं तर मी कधीच हो म्हटलं असतं. आजवर मला कोणी विचारलंच नाही, हेही खरं.

अकोला_वकील

चर्चेत ताबा, खर्च आणि वारस हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

ताबा. बारा वर्षं राहिला की घर त्याचं, असं गावोगावी बोललं जातं. मुदत अधिनियम १९६३ च्या अनुच्छेद ६५ मध्ये १२ वर्षांची मुदत आहे खरी, पण त्यासाठी ताबा प्रतिकूल असावा लागतो. म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, सलग. मालकाच्या परवानगीनं राहणाऱ्याचा ताबा नुसती वर्षं लोटल्यानं प्रतिकूल होत नाही. म्हणून लेखी परवानगी हीच मालकाची ढाल. धोका असतो तो तोंडी दिलेल्या घराला, कारण परवानगी दिली होती हेच मग सिद्ध करत बसावं लागतं. पांढरकवड्याच्या भाऊंनी सांगितलेल्या प्रकरणात कागद नसावा, असा माझा अंदाज.

खर्च. इथं फार कमी लोक लक्ष देतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चं कलम ६० असं सांगतं की परवानाधारकानं (म्हणजे मालकाच्या परवानगीनं राहणाऱ्यानं) परवान्याच्या भरवशावर स्वतःच्या पैशानं कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल, तर मालकाला तो परवाना मनाला येईल तेव्हा रद्द करता येत नाही. ताईंच्या योजनेत दुरुस्ती हाच गाभा आहे, म्हणून नुसता 'राहू देतो' असा परवाना लिहू नका. ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा करा. दुरुस्ती कोण करणार, अंदाजे किती, ती भाड्यात कशी वळती होणार, राहणाऱ्या कुटुंबाचा दुरुस्तीपोटी मालकीवर हक्क नाही, आणि मुदतीआधी मालकानं घर मागितलं तर उरलेला खर्च त्यानं परत करायचा, हे सगळं त्यात लिहा. शेवटची अट कुटुंबाच्या बाजूची आहे आणि ती गाळू नका. नाहीतर घर चकाचक झालं की मालकाला गावाची आठवण येईल.

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदवावाच लागतो. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागणार नाही.

वारस. वडिलार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीनं तो आला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. तेव्हा हडपसरच्या भाऊंना माझा सल्ला असा की बहिणींच्या सह्या टाळायच्या कशा हे शोधू नका, त्यांना आधी विचारा. सगळ्यांनी मिळून एकाच्या नावे मुखत्यारपत्र दिलं तर तोच करार करू शकतो.

आणखी एक. मालक आदिवासी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला पट्ट्यानं द्यायलाही परवानगी लागते. झरी, केळापूर, कोरची, धानोरा या बाजूला हे आधी तपासा.

निवृत्त_ग्रामसेवक

वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी दप्तरातलं सांगतो.

सगळ्यात आधी नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंद, काढा. बंद घरांपैकी निम्म्यांवर मयत माणसांची नावं सापडतील. स्वामित्व योजनेत (२४ एप्रिल २०२० पासूनची) ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन तुमच्याकडं मालमत्ता पत्रकं आली असतील, तर नाव तिथंही पाहा. नमुना आठवर एक आणि पत्रकावर दुसरं असलं की पुढं अडतं. वारस नोंदीचा अर्ज आता टाकला तर दिवाळीपर्यंत काम होईल. दुरुस्ती सुरू करून मग नोंद करू, असं करू नका.

दुसरं, ग्रामपंचायतीच्या निधीतून खासगी घरावर एक रुपया टाकू नका. हेतू कितीही चांगला असला तरी ऑडिटला तो खर्च बसत नाही आणि वसुली सरपंच-सचिवांच्या अंगावर येते. पंचायतीनं ठराव द्यावा, कुटुंबांची यादी ठरवावी, घरपट्टीच्या थकबाकीचं बघावं. पैशासाठी वेगळं खातं, वेगळी समिती, आणि दर महिन्याला हिशेब फळ्यावर.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, ताई. त्या कुटुंबांची घरकुल यादीतली नावं जपा. सर्वेक्षणाला येणारा माणूस कुटुंब राहतं ते घर पाहतो आणि फोटो काढतो. उद्या ही बाई चांगल्या दुरुस्त घरात दिसली आणि कोणी 'घर आहे' अशी नोंद केली, तर तिचं नाव कटेल आणि पाच वर्षांनी ती पुन्हा उघड्यावर येईल. म्हणून घर तात्पुरतं, भाडेपट्ट्यानं आहे आणि कुटुंब बेघर-भूमिहीन आहे, असं ग्रामसभेच्या ठरावात नाव घेऊन लिहा. ठरावाची प्रत तिच्याजवळ राहू द्या, पंचायत समितीतही द्या.

राळेगावची_ताई

काका, ही तिसरी गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. मनापासून आभार. ठरावात हे शब्द जसेच्या तसे घालते.

मिस्त्री_पुलगाव

नमस्कार. माया बाप कवेलू फेराचा, मी सेंट्रिंगवर गेलो, आता दोन्ही काम करतो. मातीच्या घराबद्दल इचारलं म्हणून लिहून रायलो.

पयले छत, मंग भित, मंग खालची जमीन. लोकं उलटं करतात. पयले टाईल्स लावतात, अन वरून पाणी गळते. छत पक्कं झाल्याबिगर खाली एक पैसा लावू नका.

छतात पयले लाकूड पाहा. सागाचं लाकूड ऐंशी वर्षाचं असलं तरी भेव नाही, पण भितीत घुसलेलं टोक सडते, तिथंच वाळवी लागते. हातोडीनं ठोका. खणखण वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर आतून खाल्लेलं. टोक सडलं म्हणून पुरी मयाल बदलू नका. सडलेला तुकडा कापून खाली नवा खांब देऊन टेकवता येते. अन एक पाहा. बंद घराचं लाकूड इकत घेणारे गावोगाव फिरून रायले. जुनं सागवान शहरात हॉटेलवाले घेतात. मालकानं एकदा खांब-मयाली इकल्या का ते घर संपलं. म्हणून लाकूड इकल्या जायच्या आधी घर धरा.

कवेलूचं असं हाय. कुंभार आता कवेलू बनवत नाहीत, पण पडलेल्या घरायचे सापडतात. सगळे टिना टाकून मोकळे होतात, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तवा टिनाखाली लेकरू ठेवता येत नाही. मी असं करतो, खाली टिन अन त्याच्यावर पट्ट्या मारून जुनी कवेलू. पाणी टिन अडवते, ऊन कवेलू अडवते. वानरानं चार कवेलू फोडली तरी घर गळत नाही. खर्च थोडा वाढते, पण दर साली कवेलू फेराची कटकट जाते.

भितीले सिमिट लावू नका. हे मी हात जोडून सांगतो. मातीच्या भितीतली ओल बाहीर निंगाले जागा लागते. सिमिटाचा गिलावा केला का ओल आत कोंडते, दोन सालात गिलावा पोपडा होऊन पडते अन संग मातीचा थर घेऊन येते. आतून माती-शेण-भुसा, बाहेरून चुना. खाली भितीच्या बुडाशी पाण्यानं माती खाल्ली असते, तिथं गोटे भरा. भोवताल फरशीचा पट्टा करा अन उतार भितीपासून दूर ठेवा. उंदराची बिळं बुजवा, पाणी तिथूनच शिरते.

भेग पडली म्हणजे घर गेलं असं नाही. सरळ बारीक भेग बुजवता येते. पण भित पोट काढून बाहीर आली असंल तर तिच्या नादी लागू नका. ती उतरवून नव्यानं घाला, नाहीतर ते घर यादीतून काढा. माणसाच्या जिवाचा सवाल हाय.

वायरिंग पुरी नवी टाका. जुन्या लाकडी पट्टीवरची वायर उंदरानं खाल्लेली राहते. अर्थिंग अन झटका लागला का बंद पडणारा स्विच, ह्या दोन गोष्टीत पैसे वाचवू नका.

अन टाइम. कापसाची वेचणी संपली का मजूर मिळते. संक्रांतीनंतर चालू करून अक्षय्य तृतीयेच्या आत छत झालं पायजे.

मेहकरकर

मिस्त्री भाऊंचं सगळं पटलं, फक्त एक भर. बुलडाणा, अकोला, वाशीम इकडं धाब्याची घरं आहेत. वर लाकडी पट्ट्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो आणि तो दर वर्षी पावसाळ्याआधी नीट करावा लागतो. बंद घराच्या धाब्यावर गवत उगवतं, झड लागली की माती पाणी पिऊन खूप जड होते आणि रात्रीत खाली येते. असं घर निवडलं तर माती आधी उतरवा, मग आत माणूस पाठवा. इथं हलकं छत करणंच शहाणपणाचं.

नवीन_सदस्य_४१

मातीच्या घराला सरकारदरबारी कच्चं घर म्हणतात. गरिबाला कच्चं घर दुरुस्त करून द्यायचं म्हणजे त्याला पुन्हा खालच्या दर्जाचंच देणं नाही का?

मिस्त्री_पुलगाव

भाऊ, सेवाग्राम आमच्या जिल्ह्यातच हाय. गांधीजींच्या काळातली बापूकुटी माती, बांबू, लाकूड अन कवेलूचीच हाय अन उभी हाय, कारण तिची निगा होते. दत्तपूरले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र हाय, तिथं जाऊन मातीच्या अन गोल कवेलूच्या कमानीच्या घरात मे महिन्यात बसून पाहा. स्लॅबचं घर बिनदेखभालीचं ठेवलं तर तेबी वीस सालात सळई दाखवते.

वाशीमचा_कार्यकर्ता

आतापर्यंत कागद आणि माती झाली. आता ज्या गोष्टीवर कोणी बोललं नाही ती बोलतो.

बंद घरं कुठं आहेत? गावाच्या मधोमध, मारुतीच्या पाराजवळ, पाटलांच्या, देशमुखांच्या, कुणब्यांच्या, मारवाड्यांच्या गल्लीत. आणि घर कोणाला पाहिजे? बौद्ध, मातंग, पारधी, कोलाम कुटुंबांना, परित्यक्ता बायांना. करारात जात कोणी लिहिणार नाही. पण कुटुंब दाखवलं की मालक म्हणेल, शेजाऱ्यांची हरकत आहे. शेजारी म्हणतील, आमच्या गल्लीत नको, बाकी मदत करू. मग योजनेत घरं मिळतील ती 'आपल्यातल्या' गरिबाला आणि पारधी ताडपत्रीखालीच राहील. मी गावं फिरलो आहे. पारध्याच्या पोराला शाळेत घ्यायलाही भांडावं लागतं, घर तर लांबच.

म्हणून माझी एक मागणी आहे. कुटुंब मालकानं निवडायचं नाही. यादी ग्रामसभेनं गरज बघून लावायची आणि घर तयार झालं की यादीतल्या पहिल्या कुटुंबाला जाईल. ज्या मालकाला हे मान्य नाही त्याचं घर घेऊच नका. एका घरात जरी पारधी कुटुंब पाराजवळ राहायला आलं तर त्या गावात बाकी दहा गोष्टी बदलतील. आणि ते टाळून शंभर घरं भरली तरी मी त्याला यश म्हणणार नाही.

हडपसरचा_वऱ्हाडी

भाऊ, तुमचा राग समजतो, पण मालकाला काहीच बोलता येणार नाही असं केलं तर घरं मिळणार नाहीत. मी जात बघत नाही. पण दारू पिऊन भांडणारा माणूस माझ्या आईच्या घरात नको, एवढं म्हणायचा हक्क मला हवा.

वाशीमचा_कार्यकर्ता

तो हक्क करारात लिहा ना. घरात दारूची भट्टी नाही, मोडतोड नाही, पोटभाडेकरू नाही, आणि अट मोडली तर नोटीस. ही अट सगळ्यांना सारखी लागू होते, पाटलाच्या पुतण्यालाही. माझा विरोध कुटुंब बघायच्या आधीच नको म्हणण्याला आहे.

राळेगावची_ताई

मी वाशीमच्या दादांच्या बाजूची आहे. आमच्या गावात हे सोपं नाही, दोन सदस्यांनी मला आत्ताच सुचवलंय की "पारध्यांचं नंतर बघू". पण यादी गरजेप्रमाणेच लागेल. मालकाला अटी घालता येतील, नाव खोडता येणार नाही. यानं घरं कमी मिळाली तर कमी मिळू देत.

आशाताई_कळंब

मी आशा कार्यकर्ती आहे, घरोघरी जाते, म्हणून बायांच्या बाजूनं चार गोष्टी.

भाडेपट्टा बाईच्या नावानं करा. नवरा असला तरी दोघांच्या नावानं. माझ्या भागात एकीला भाड्याचं घर मिळालं होतं, कागद नवऱ्याच्या नावावर. त्यानं दुसरी आणली आणि ही पोरांसकट रस्त्यावर.

संडास आणि न्हाणी घराच्या आतून जाता येईल अशी हवी. जुन्या घरांत संडास नसतोच, असला तर सांदवाडीच्या टोकाला, मोडक्या दाराचा. एकटी बाई आणि वयात आलेल्या मुली असतील तर हे छताइतकंच गरजेचं आहे. दाराला आतून नीट कडी आणि खिडकीला गज पहिल्याच दिवशी पाहिजेत.

बंद घरात विंचू-साप असतात. राहायला जायच्या आधी अडगळ बाहेर काढा, धान्याच्या जुन्या कोठ्या हलवा, जमीन खणून नव्यानं चोपा आणि मग सारवा. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दर वर्षी साप चावलेल्यांना घेऊन धावतो, त्यात जमिनीवर झोपणारे जास्त असतात. जमलं तर एक खाट द्या.

आणि विधवा बाईला गल्लीत एकटीच ठेवू नका. एका ओळीत दोन घरं दुरुस्त होत असतील तर दोन कुटुंबं शेजारी शेजारी द्या. घर मिळालं तरी बोलायला माणूस नसेल तर ती पुन्हा खोपटात जाईल, मी पाहिलंय.

हलचा_वऱ्हाडी

मूळचा मोर्शीचा, आता इंग्लंडमध्ये हल शहरात. इथं जिरोस्कोप नावाची संस्था १९८० च्या दशकाच्या मध्यात काही विद्यार्थ्यांनी सुरू केली. पडीक घरं विकत घ्यायची, स्वयंसेवकांनी स्वतः दुरुस्त करायची आणि परवडणाऱ्या भाड्यानं द्यायची. काम शिकता शिकता बेरोजगार पोरं गवंडी, सुतार झाली. मला यातला हाच भाग आपल्याकडं नेण्यासारखा वाटतो. ज्या कुटुंबाला घर मिळणार त्यातल्या कोणाला तरी मिस्त्री भाऊंच्या हाताखाली मजुरी देऊन कामाला घ्या. पैसे घरात येतील आणि पुढं भिंतीची निगा ठेवायची कशी तेही कळेल.

इथं २००४ चा एक कायदा आहे, त्यात नगरपालिकेला दीर्घकाळ रिकाम्या घराचं व्यवस्थापन आपल्याकडं घेता येतं. पण त्याचा वापर फारच कमी झाला. मालकाला पटवूनच जास्त घरं उघडली. जपानमध्ये तर २०२३ च्या पाहणीत रिकामी घरं सुमारे ९० लाख निघाली, तिथली खेडी त्यांची यादी करून गरजूंपर्यंत पोचवतात. आपल्याकडं २०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे २ कोटी ४७ लाख घरं रिकामी होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त खेड्यांतली. जनगणना ती नोंदते, पण गावाजवळ तशी यादी नसते. ताईंनी आधी तीच करावी.

पवनारकर

यादीवरून एक सांगावंसं वाटतं. विनोबांच्या भूदानात मोठ्या मनानं जमिनी दिल्या गेल्या, पण बऱ्याच ठिकाणी कागद अर्धवट राहिले, जमीन वादातली निघाली आणि भूमिहीनाच्या हातात शेवटी काही आलं नाही. मालकानं सभेत उभं राहून 'दिलं' म्हटलं की टाळ्या पडतात. टाळ्यांवर थांबू नका. नोंदणी झाल्याशिवाय कुटुंबाला आशा दाखवू नका, ती सगळ्यात वाईट फसवणूक होते.

राळेगावची_ताई

सगळ्यांचे प्रतिसाद छापून मासिक सभेत वाचून दाखवले. झालं ते असं.

बंद घरांची यादी बचत गटाच्या बायांनी केली. घर, नमुना आठवरचं नाव, मालक कुठं असतो, छताची आणि भिंतीची स्थिती, मीटर आहे की काढलंय. पुलगावच्या मिस्त्री भाऊंनी सांगितल्याप्रमाणे पोट काढलेल्या भिंतींची घरं बाजूला ठेवली. राहण्याजोगी होतील अशी मोजकीच उरली, पण उरली.

मालकांना फोन केले. काहींनी उचललेच नाहीत. एकानं स्पष्ट नाही सांगितलं. दोघं तयार झाले. त्यातल्या एकाच्या बहिणी जवळच्या गावात दिल्या आहेत. मी स्वतः त्यांच्याकडं गेले. मोठी बहीण म्हणाली, "माहेरच्या घराबद्दल आजवर मला पहिल्यांदाच कोणी विचारलं." तिनं सही द्यायचं कबूल केलं आणि सांदवाडीतलं लिंबाचं झाड तोडू नये एवढी एकच अट घातली. ती अट करारात लिहिणार आहोत.

पारधी कुटुंबावरून ग्रामसभेत मोठा आवाज झाला. एका सदस्यानं राजीनाम्याची भाषा केली. महिला सभा आधी घेतली होती, तिथं यादी ठरून आली होती आणि बाया सभेतून उठल्या नाहीत, म्हणून यादी टिकली. पहिलं नाव दोन मुली असलेल्या बाईचं, दुसरं पारधी कुटुंबाचं. दोन्ही घरं एकाच ओळीत आहेत. शेजारच्यांपैकी एक जण अजून नाराज आहे. त्यांच्या घरी जाणं चालू आहे.

वकील दादा, भाडेपट्ट्याचा मसुदा तुम्हाला आणि ग्रामसेवक काकांना खाजगी निरोपातून पाठवला आहे. खर्च परत करण्याची अट घातली आहे, एका मालकाला ती खटकते आहे. त्याला कसं समजवावं?

अकोला_वकील

मसुदा वाचला, दोन दुरुस्त्या कळवतो. मालकाला सरळ आकडा दाखवा. दुरुस्तीचा अंदाजी खर्च भागिले पाच वर्षं, भागिले बारा महिने. महिन्यामागं जेवढं येईल तेवढंच त्याचं देणं दर महिन्याला कमी होत जातं. तिसऱ्या वर्षी घर परत मागितलं तर फक्त उरलेल्या महिन्यांचे पैसे. 'खर्च परत' हा शब्द मोठा वाटतो, तक्ता जोडला की घाबरणार नाहीत.

निवृत्त_ग्रामसेवक

तक्ता ठरावालाही जोडा. आणि घरपट्टी करारकाळात कोण भरणार ते लिहायचं राहिलंय, मी मसुद्यात पाहिलं नाही.

राळेगावची_ताई

राहिलंच होतं काका. घरपट्टी मालकाची, वीज आणि पाणीपट्टी कुटुंबाची, असं घालते. मीटरचं मात्र अडलंय. एका घराचं मीटर थकबाकीत कायमचं काढून नेलेलं आहे. थकबाकी मालकाच्या नावावर आहे.

हडपसरचा_वऱ्हाडी

ताई, माझ्या घराचंही तसंच होतं. जुनी थकबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवं कनेक्शन मिळत नाही. मालकाला ती भरायला सांगा, ती दुरुस्तीत धरू नका. घर त्याचं आहे, मीटर पुढंही त्यालाच लागणार. आणि माझ्या घराचे फोटो काढायला मी चुलतभावाला सांगितलंय. बहिणींशी बोलणं झालंय, दोघी तयार आहेत, धाकटीचं उत्तर यायचं आहे. आमच्या गावात अशी समिती नाही, तुमचा ठराव आणि मसुदा इथं टाकाल का? सरपंचांना तोच नेऊन दाखवतो.

राळेगावची_ताई

टाकते. दोन दुरुस्त्या करून उद्या रात्री, नावं काढून.

मिस्त्री_पुलगाव

संक्रांतीनंतर मी दोन हप्ते मोकळा हाय. तुमच्या गावातले दोन पोरं संग द्या, शिकवून टाकतो. टिनाचं माप पाठवा, धामणगावले भाव काढून ठेवतो.